पासिंग संपलेलं घर

गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. दोन-तीन जणांनी "काय रे, आटलास का?" अशी चौकशीही केली. आटलो नाही मंडळी, सापगावला एका ट्रकखाली झोपलो होतो. :-)

तर झालं असं. माझ्या टीममधल्या एका मित्राला गेले वर्षभर कॅराव्हॅनचं खूळ लागलंय. जर्मनीतल्या ऑनसाइटवरून परत आल्यापासून तो रोज लंचला कुणीतरी जुनी बस घेऊन तिच्यात कसं घर केलं, त्याचे व्हिडिओ दाखवतो. बेड, किचन, सोलर, सगळं. खुळं संसर्गजन्य असतात. मीही एक्सेल शीट उघडली. नवी कॅराव्हॅन बांधून घ्यायचा आकडा पाहिला आणि मिटली. मग जुनी गाडी घेऊन आपणच काहीतरी करावं असं ठरलं. शेवटी दोघांकडे मेकॅनिकलची डिग्री आहे. आठ सेमिस्टरं ज्या विषयांत घासली त्यांचा उपयोग आजवर फक्त इंटरव्ह्यूत "मेकॅनिकलमधून आयटीत का आलात?" या प्रश्नाचं उत्तर देण्यापुरता झालाय.

हे सगळं घरी जेवताना बोललो तर आईने "आधी फ्लॅटचे हप्ते फेड" एवढंच सांगितलं. बाबा मात्र थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "सापगावला भातगिरणीच्या मागे एक गाडी उभी आहे. तिच्यात घर करायला नको. आधीपासूनच आहे."

बाबांचं गाव शहापूर तालुक्यात. आसनगाव स्टेशनला उतरायचं, शहापूर ओलांडायचं, मुरबाडच्या रस्त्याला लागायचं, भातसा नदी आली की सापगाव. मुंबईचे लोक ज्या भातसाचं पाणी पितात तीच ही. लहानपणी या वाटेने एसटीतून पन्नास वेळा गेलोय, पण भातगिरणीच्या मागे कधी डोकावलो नव्हतो.

गाडी पाहिली आणि मित्राचा चेहरा पडला. त्याच्या डोक्यात व्हिडिओतली बस होती. समोर होता गोल नाकाचा एक बेडफर्ड ट्रक, रंग कोणता ते ओळखू येऊ नये इतका उन्हाने खाल्लेला, टायर मातीत रुतलेले. ट्रकच्या हौद्यावर लाकडी खोली बांधलेली. मागच्या बाजूला फळीत दोन चौकोनी भोकं. आत शिरलो तर एका अंगाला फळ्यांचे दोन मजली बाक, म्हणजे झोपायची जागा. कोपऱ्यात स्टोव्हच्या काजळीने काळी झालेली पत्र्याची भिंत, भांड्यांची फळी, देवाचा कोनाडा. मधोमध जमिनीला बोल्ट मारलेला लोखंडी ओटा, त्याच्यावर आता काही नाही. आणि केबिनच्या मागे, स्वतंत्र कप्प्यात, दोन मोठ्या फ्लायव्हीलचं एक सिलिंडरवालं ऑइल इंजिन.

गिरणीचे मालक, सत्तरी ओलांडलेले काका, बाहेरून म्हणाले, "त्या ओट्यावर मशीन असायचं. पिक्चरचं. माझ्या थोरल्या भावाची टुरिंग टॉकीज होती."

फळीतली ती भोकं कशासाठी होती ते तेव्हा कळलं. त्यातून प्रकाश बाहेर पडायचा.

त्यानंतरचे दोन आठवडे मी ऑफिसातून आल्यावर जे वाचलं, काकांना आणि बाबांना जे विचारलं, आणि गाडीखाली पडून जे पाहिलं, ते आज इथे लिहितोय. विषय वरवर एका ट्रकचा आहे. पण मला वाटतं चाकावरच्या घराचा आपला स्वतःचा इतिहास त्यात आहे, आणि तो कुठल्याच व्हिडिओत नाही.

पाश्चात्त्यांचा इतिहास सोपा आहे. १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका निवृत्त नौदल डॉक्टरने ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून 'वाँडरर' नावाची घोड्यांनी ओढायची आलिशान गाडी बांधून घेतली आणि हौसेने इंग्लंड-स्कॉटलंड फिरला. हौसेच्या कॅराव्हॅनची सुरुवात साधारण तिथून धरतात. पुढे १९५० च्या दशकात फोक्सवॅगनच्या डब्यात वेस्टफालियाने पलंग आणि कपाटं बसवली आणि सुट्टीतलं चाकावरचं घर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. या सगळ्यात मूळ कल्पना एकच: घर आहे, पण चार दिवस त्याच्यापासून लांब जायचंय.

आपल्याकडे चाकावर राहणारे लोक होते ते पोटासाठी. लमाणांचे तांडे बैलांवर मीठ-धान्य लादून हिंडायचे, गाडिया लोहारांचं अख्खं बिऱ्हाड बैलगाडीत असायचं. तमाशाचे मोठे तंबूचे फड तर आजही दसऱ्याच्या सुमारास ट्रक भरून बाहेर पडतात. आमच्या मुरबाडहून माळशेज घाट चढून गेलं की पुढे नारायणगाव, विठाबाईंचं गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. या लोकांना कॅराव्हॅन हा शब्द माहीत असायचं कारण नव्हतं.

सिनेमा या रांगेत कसा आला? ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्यानंतर पाच वर्षांत, १९०१ पासून, अब्दुलअली युसुफअली नावाचा एक तरुण तंबू आणि प्रोजेक्टर घेऊन आग्नेय आशियात खेळ करत हिंडत होता. नंतर तो भारतात फिरला आणि १९१४ मध्ये अर्देशीर इराणींबरोबर मुंबईत अलेक्झांड्रा थिएटर चालवायला घेतलं. म्हणजे सिनेमाला पक्कं छप्पर मिळालं त्याच्याआधी त्याला कापडी छप्पर होतं.

मूकपटाच्या काळात हा धंदा बैलगाडीवर चालू शकत होता. प्रोजेक्टरला हाताने फिरवायचं हँडल, उजेडाला गॅसची बत्ती. वेग थोडा कमी-जास्त झाला तर माणूस पडद्यावर जरा घाईत चालेल, इतकंच. पण १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, आणि सिनेमा बोलू लागला. आता हँडल चालेना. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे २४, नाहीतर आवाज चिरका होणार किंवा रडवेला. म्हणजे मोटर हवी. आवाजाला ॲम्प्लिफायर हवा. दोघांना वीज हवी. आणि १९३० च्या, अगदी १९५० च्या दशकातल्या खेड्यात वीज कुठली? म्हणजे वीज बरोबर न्यायला हवी. वीज न्यायची तर इंजिन आणि जनरेटर न्यायला हवं, आणि ते बैलांना ओढवायचं म्हणजे शिक्षाच. झालं, ट्रक आला. आणि आठ महिने ट्रकबरोबर हिंडायचं तर माणसं झोपणार कुठे?

माझ्यापुरता मी असा निष्कर्ष काढलाय की टुरिंग टॉकीजचं हे चाकावरचं घर बोलपटाने जन्माला घातलं. तुकाराम महाराजांचा अभंग खेड्यात ऐकू यायला हवा असेल, तर डिझेलवर चालणारं एक धूड गावात यायला हवं.

आता त्या एक सिलिंडरच्या इंजिनाकडे वळतो, कारण मी खरा भाळलो तो त्याच्यावर.

हे राजकोटला बनलेलं इंजिन आहे, पण त्याचं मूळ इंग्लंडमधल्या डर्स्ली गावचं. तिथल्या लिस्टर कंपनीने १९२९-३० च्या सुमारास 'सीएस' नावाचं मालिकेतलं इंजिन काढलं. सीएस म्हणजे कोल्ड स्टार्ट. त्याआधीच्या पुष्कळ ऑइल इंजिनांचं डोकं बत्तीने लाल होईपर्यंत तापवावं लागायचं. हे थंडच चालू व्हायचं. सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला फक्त ६५० फेरे, आणि अंगात असा काहीही भाग नाही जो तालुक्याच्या लेथवर करून घेता येत नाही. मूळ कंपनीने १९८० च्या दशकात ते बंद केलं, राजकोटमध्ये त्याच्या नकला बनत राहिल्या. इकडे महाराष्ट्रात साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३० च्या दशकातच डिझेल इंजिन बनवायला सुरुवात झाली होती. हे धनजीशा कूपर म्हणजे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान झालेले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स स्थापन झाली आणि विहिरीवर, गुऱ्हाळावर, भातगिरणीत तिची इंजिनं डुगडुगू लागली. सिनेमावाल्यांनी वेगळं काही मागवलं नाही. जे इंजिन पाणी उपसायचं, भात सडायचं, तेच ट्रकवर चढवलं.

सेकंड इयरला फ्लायव्हीलचं एक गणित होतं, ते तेव्हा मी पाठ करून सुटलो होतो. ते या ट्रकमध्ये कळलं. एक सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच ताकद देतं. ६५० फेऱ्यांना ३२५ धक्के, म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच. फ्लायव्हील हलकं असेल तर दर धक्क्याला वेग वाढणार, मध्ये कमी होणार, जनरेटरचा व्होल्टेज तसाच नाचणार आणि पडद्यावरचा उजेड सेकंदाला साडेपाच वेळा लुकलुकणार. माणसाच्या डोळ्याला ते लगेच दिसतं. म्हणून ती दोन अजस्र चाकं. ती धक्का साठवून ठेवतात आणि सावकाश परत देतात. पडद्यावर माउलींचा चेहरा स्थिर दिसावा म्हणून ट्रकमध्ये एवढं ओतीव लोखंड वाहून नेलेलं आहे.

उजेड यायचा कार्बन आर्कमधून. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर, मध्ये ठिणगी. साधारण पन्नास-पंचावन्न व्होल्ट डीसी आणि तीस-चाळीस अँपिअर, म्हणजे दोन किलोवॅटच्या आसपास. कांड्या जळून आखूड होतात, त्यामुळे ऑपरेटरने सतत त्या जवळ आणत राहायचं. डुलकी लागली की पडदा काळा आणि तंबूत शिट्ट्या. इंजिनाचे सहा हॉर्सपॉवर म्हणजे साडेचार किलोवॅट. त्यातून दिवा, मोटर, ॲम्प्लिफायर, दाराशी दोन बल्ब आणि मधले नुकसान, असा हिशेब जेमतेम बसतो. कुणीतरी डोकं लावून हे इंजिन निवडलेलं आहे. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. तीन तासांचा पिक्चर म्हणजे सोळा हजार दोनशे फूट, जवळजवळ पाच किलोमीटर. आसनगावहून चालत सापगाव गाठायला निघावं, तसं रोज रात्री या खोलीतून फिल्म चालत जायची.

काकांनी सांगितलेलं वेळापत्रक असं. पावसाळाभर गाडी इथे गिरणीमागे. खंडेनवमीला दोन्ही इंजिनांची पूजा, दसऱ्यानंतर बाहेर. लॅमिंग्टन रोडच्या नाझ सिनेमाच्या आवारात वितरकांची ऑफिसं, तिथून रिळांच्या पेट्या. मग जत्रेमागून जत्रा. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातच म्हशाची जत्रा, खांबलिंगेश्वराची, बैलांचा मोठा बाजार. दिवसा गावात भोंग्यावर जाहिरात, संध्याकाळी तंबू, मध्ये दोर बांधून एकीकडे बाया, दुसरीकडे बाप्ये, सगळे जमिनीवर. खेळ संपला की त्याच ओट्याशेजारी पथाऱ्या. काकांच्या वहिनी दोन पोरांना घेऊन सहा-सात वर्षं या गाडीतून फिरल्या. काजळीची भिंत त्यांचीच.

बाबांनी म्हशाच्या जत्रेत तंबूत पिक्चर पाहिला तो १९७३-७४ च्या सुमारास, नऊ-दहा वर्षांचे असताना. मी विचारलं, कोणता? म्हणाले, "आठवत नाही रे. पाठीमागून इंजिनाचा आवाज येत होता, तेवढा आठवतो. तो थांबला की सगळे मागे वळून बघायचे."

आता ट्रकबद्दल. बेडफर्ड ही इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची, म्हणजे पर्यायाने अमेरिकेच्या जनरल मोटर्सची गाडी. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी जी पहिली एसटी धावली तीही लाकडी बॉडीची बेडफर्डच. युद्ध संपल्यावर लष्कराने वापरलेल्या ट्रकांचा 'डिस्पोजल'चा बाजार भरायचा आणि हजारो गाड्या खाजगी हातांत गेल्या. आमच्या जिल्ह्यात तर कल्याणची लष्करी छावणीच होती, जिचं पुढे निर्वासितांचं उल्हासनगर झालं. आमचा हा ट्रक मात्र युद्धानंतरचा आहे. काकांच्या भावाने तो एका वाहतूकदाराकडून तिसऱ्या-चौथ्या हाताने घेतला.

१९५३ मध्ये सरकारने ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्या कंपन्या नकोत, इथे उत्पादन करणाऱ्याच हव्यात. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचं बस्तान गुंडाळलं. त्याच वर्षी जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक सुरू झाले. धोरण म्हणून ते योग्यच असेल, पण ज्याच्या दारात जुना पेट्रोल बेडफर्ड उभा होता त्याने काय करावं? पार्ट मिळत नाहीत आणि इंजिन पेट्रोल पाण्यासारखं पितंय. अशांनी जे केलं तेच या गाडीचं झालं. पेट्रोल इंजिन उतरवलं आणि पर्किन्सचं पी-सिक्स बसवलं.

फ्रँक पर्किन्सने १९३२ मध्ये पीटरबरोला कंपनी काढली ती एका वेडापायी. डिझेल म्हणजे जहाजात किंवा कारखान्यात बसणारं, जड, मंद धूड, ही समजूत खोटी ठरवायची. १९३७ चं पी-सिक्स हे त्याचं सर्वांत गाजलेलं अपत्य. सहा सिलिंडर, साधारण पावणेपाच लिटर. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरवर, बोटीत, जनरेटरला, कुठेही बोल्ट मारून बसवा. १९५० च्या दशकात मद्रासच्या सिम्पसन कंपनीत पर्किन्सची इंजिनं बनू लागली आणि भारतभर जुन्या पेट्रोल ट्रकांना नवं हृदय मिळालं. म्हणजे या एका गाडीत सांगाडा इंग्लंडचा, इंजिनाचा वंश पीटरबरोचा, जनरेटरचं इंजिन राजकोटचं, खोली सापगावच्या सुताराची. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर पन्नास वर्षं पॅच मारत चालवलेली लेगसी सिस्टिम. आणि डॉक्युमेंटेशन? एका मिस्त्रीच्या डोक्यात.

हे मिस्त्री शहापूरचे. वय विचारलं तर "गाडीएवढंच" म्हणाले. पहिल्याच दिवशी आम्ही उत्साहाने बॅटरी घेऊन गेलो होतो. ते म्हणाले, "चावी मारायची नाय. मेलेल्याला उठवायच्या आधी हातपाय वाकतात का बघायचं." मग जे शिकलो ते जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात लिहितो.

पहिलं, इंजिनाआधी चेसी. स्प्रिंगचे ब्रॅकेट जिथे चेसीला रिव्हेट मारलेत तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघायचा. गंजाचे पापुद्रे सुटले तर नमस्कार करून घरी जायचं. आमची चेसी शाबूत निघाली. खोलीचा सांगाडा सागाचा, पण खालच्या दोन आडव्या वाशांना वाळवी. दुसरं, बरीच वर्षं उभं राहिलेलं इंजिन एकदम फिरवायचं नाही. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतायचं आणि आठवडाभर वाट बघायची, मग हाताने हळूहळू. आमचं दुसऱ्या शनिवारी अर्धा फेरा फिरलं, तेव्हा मिस्त्रींनी पहिल्यांदा चहा मागितला. तिसरं, टाकीतल्या डिझेलचा डांबरासारखा गाळ झालेला असतो. टाकी उतरवायची, फिल्टर फेकायचे, पंप आणि नोझल पंपवाल्याकडे टेस्टिंगला द्यायचे. चौथं, पी-सिक्सचं टायमिंग गिअरवर नाही, चेनवर आहे. चेन सैल झाली की टायमिंग सरकतं. आमची सैल आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

इंजिन चालू करताना मिस्त्रींनी डिझेलचा पेटता बोळा हवेच्या तोंडाशी धरला. सकाळी ते तसंच उठायचं म्हणे. पांढरा धूर, काळा धूर, दोन सिलिंडर, मग तीन, मग सगळी गाडी अंग झटकून थरथरायला लागली. मी आयुष्यात अनेक वेळा 'गो लाइव्ह' पाहिलंय. असं एकदाही नाही. त्या आधीच्या तासाभरात राजकोटवाल्याचं हँडल मारताना डिकॉम्प्रेशनचा दांडा मी लवकर सोडला, हँडल उलटं आलं आणि मनगट सुजलं. हे टाइप करताना अजून दुखतंय. चूक माझीच. मिस्त्री म्हणाले, "अंगठा बाहेर ठेवायचा, ते शिकवत नाय का कालिजात?" नाही शिकवत.

आता मुद्द्याचं. विकत घ्यायची का?

काकांच्या भावाने खेळ थांबवले ते १९९० च्या दशकात. आधी गावागावात व्हिडिओ आला, मग केबल. तरीही राज्यात काही जण पुढची वीसेक वर्षं तग धरून होते, मग रिळंच बनायची थांबली आणि डिजिटल प्रोजेक्टर आले. त्या शेवटच्या काळावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याला विशेष उल्लेखाचा मान मिळाला. जमलं तर जरूर बघा. या गाडीचा प्रोजेक्टर तेव्हाच भंगारात गेला होता. २००९ नंतर गाडीचं पासिंग झालेलं नाही. आता भंगारवाला तीन टनांचे पंचाण्णव हजार द्यायला तयार आहे, आणि काकांना गिरणीमागची जागा मोकळी हवी आहे.

मी म्हटलं, हात्तिच्या, ही तर व्हिंटेज गाडी! आणि नियम वाचायला बसलो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. वीस हजार फी, 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट. अटी अशा: पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेली हवीत. ठीक. दुचाकी किंवा चारचाकी हवी आणि वापर खाजगी, बिगर-व्यापारी हवा. इथे आमचा पाय अडकला. आणि गाडी मूळ रूपात हवी, चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नको. इथे दुसराही पाय गेला.

त्याच वर्षी जुन्या गाड्या मोडीत काढायचं धोरण आलं. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं, लोकांनी चाकावरच्या घरातून राज्य बघावं म्हणून. तिन्ही धोरणं आपापल्या जागी समजू शकतात. धूर ओकणारा ट्रक रस्त्यावर नको हे मलाही पटतं, मीही रोज त्याच हवेत श्वास घेतो. पण तिन्ही शेजारी ठेवली की काय दिसतं? महाराजांच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, फारशी न चाललेली, म्हणून न बदललेली मोटार हा वारसा. नवी कोरी, फ्रिज असलेली कॅराव्हॅन हे पर्यटन. आणि जिच्यात एका बाईने सात वर्षं संसार केला, जिच्या भोकांतून अर्ध्या जिल्ह्याने पहिला सिनेमा पाहिला, ती गाडी भंगार, कारण ती कामाची होती आणि जगण्यासाठी बदलत गेली. इंजिन बदललं नसतं तर ती १९६० मध्येच मेली असती. बदललं म्हणून आज कागदावर ती 'मूळ' नाही.

आपला बराचसा इतिहास असाच असणार असं मला हल्ली वाटायला लागलंय. गरिबाच्या वस्तू मूळ रूपात राहत नाहीत. राहतील कशा? धोतराचं पंचं होतं, पंचाचं फडकं होतं. संग्रहालयात जाते ती पैठणी.

मित्राने माघार घेतली. त्याला फिरायचंय आणि ही गाडी कायद्याने रस्त्यावर येऊ शकत नाही, त्यामुळे त्याचं बरोबरच आहे. मी मात्र बाबांशी बोललो, आईशी कमी बोललो, आणि काकांना एक लाख दिले. जागा त्यांच्याकडून महिन्याच्या भाड्याने. गाडी कुठे जाणार नाही. वाशे बदलायचे, छताचा पत्रा नवा घालायचा, आणि एक आड एक शनिवारी येऊन दोन्ही इंजिनं थोडा वेळ चालवायची. मिस्त्रींकडून होईल तेवढं वहीत उतरवून घ्यायचं, नोझलच्या प्रेशरपासून बोळा किती वेळ धरायचा इथपर्यंत. ते गेले की ही सिस्टिम वाचणारा कुणी उरणार नाही.

गेल्या शनिवारी बाबा बरोबर आले होते. राजकोटवालं चालू केलं आणि जनरेटरला एक बल्ब जोडला. बाबा आत आले नाहीत. गिरणीच्या ओट्यावर गाडीकडे पाठ करून बसले. पाचेक मिनिटांनी डिझेल संपून इंजिन थांबलं, तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं.

असो. जाता जाता एक विनंती. कुणाच्या काकांच्या, मामांच्या, सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये पर्किन्स पी-सिक्सची टायमिंग चेन पडलेली असेल, नवी किंवा बरी जुनी, तर कृपया कळवा. कुठेही असली तरी येऊन घेऊन जाईन.